उकिरड्याच्या तळाशी सापडलेले देवगांडूळ आणि त्याला नसलेले नाव

शिवारवाट

नमस्कार. हा धागा काढण्याचे कारण तसे लहानच आहे. वीतभर लांबीचे आणि करंगळीहून बारीक.

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस मी गगनबावडा तालुक्यात माहेरी गेले होते. मृगाच्या आधी उकिरडा उपसून शेणखत शिवारात पोचवण्याची घाई चालली होती. दोन वळीव चांगले पडून गेले असल्यामुळे वरचा थर सुकलेला, तळ मात्र काळा, ओला आणि वाफाळता होता. भाऊ खोऱ्याने खत ओढत होता, कामाला आलेल्या मावशी बुट्ट्या भरत होत्या आणि मी, कोल्हापुराहून आलेल्या नणंदेने करायचे काम करत होते, म्हणजे कट्ट्यावर बसून चहा पीत होते. शेवटचा हातभर थर ओढताना खोऱ्याच्या पात्याखाली काहीतरी वळवळले. भावाने "वाळा हाय" म्हणत दुसरा घाव घातला आणि मगच वाकून पाहिले.

वाळा नव्हता. मी दोन्ही तुकडे पाण्याने धुऊन पितळी ताटलीत ठेवले (ताटली कोणती घेतली यावरून वहिनीशी झालेला संवाद येथे देत नाही). कातडी ओलसर, जांभळट तपकिरी, आणि अंगभर एकापाठोपाठ एक अशा वळ्या होत्या, गांडुळाला असतात तशाच. परंतु कापलेल्या जागी पांढरा, मण्यामण्यांचा पाठीचा कणा स्वच्छ दिसत होता, आणि गांडुळाला कणा नसतो. काडीने तोंड उघडून पाहिले तर जबडा होता आणि नखाला खरखरीत लागतील असे बारीक दात होते. डोळे म्हणजे कातडीखाली शाई पसरल्यासारखे दोन पुसट ठिपके. खवले मात्र कुठेही दिसत नव्हते, त्यामुळे तो सापही नव्हता.

त्याचे पुस्तकी मराठी नाव देवगांडूळ. बेडूक आणि सॅलॅमँडर हे उभयचरांचे दोन गट आपल्याला शाळेत शिकवतात. पाय नसलेला, जमिनीखाली राहणारा तिसरा गट हा. जगात त्याच्या दोनशेहून अधिक जाती ज्ञात आहेत, भारतात सुमारे चाळीस, आणि त्यांतील बऱ्याच पश्चिम घाटाबाहेर कुठेच आढळत नाहीत. आपल्या शेजारच्या आंबोलीतून २००३ साली गेगेनिओफिस डॅनिएली ही जात विज्ञानाला ज्ञात झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे माजी संचालक जे. सी. डॅनियल यांचे नाव तिला दिले आहे. पुढच्याच वर्षी कोयनेच्या हुंबर्लीतून इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस ही आणखी एक जात नोंदली गेली. वाघाची पायखूण उमटली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते; महाराष्ट्राचे नाव धारण करणारा हा प्राणी मात्र महाराष्ट्रात किती जणांनी पाहिला असेल?

मला बोलायचे आहे ते नावाबद्दल. भावाला मी विचारले, "याला तुम्ही काय म्हणता?" तो म्हणाला, "काही नाही. वाळा असंल, नाहीतर गांडूळ असंल." मावशींनाही नाव ठाऊक नव्हते, आणि त्यांनी तर उभा जन्म त्याच शिवारात काढला आहे. गव्याला नाव आहे, शेकरूला नाव आहे, म्हणून ते वाचवा असे तरी म्हणता येते. ज्याला नावच नाही, तो प्राणी खोऱ्याखाली येतो तेव्हा माणूस मनात त्याला सर्वांत जवळच्या भीतीचे नाव देतो, आणि ती भीती सापाची असते. देवराईतल्या झाडावर कुऱ्हाड चालवताना हात थबकतो, त्यात त्या "देव" शब्दाचा वाटा असतोच. मग हा "देव" उकिरड्यापर्यंत का पोचू नये?

आपापल्या भागात हा प्राणी कोणी पाहिला आहे का, त्याला तेथे काय म्हणतात, आणि तो सापडल्यावर त्याचे काय केले जाते, हे कृपया लिहावे.

कळंबाकाठ

पाहिला आहे, आणि दुर्दैवाने त्याचा शेवटही पाहिला आहे. माझी आजी भुदरगडकडची. पावसाळ्यात परड्यात असे काही निघाले की ती जळवांसाठी ठेवलेल्या मिठाच्या भांड्यातून मूठभर मीठ त्यावर टाकत असे. ते तडफडे, अंगातून पांढरट फेस येई, आणि आम्ही मुले गोल करून बघत असू. तिच्या मते तो "गांडुळाचा बाप" होता. तेवढ्याला नाव म्हणायचे असेल तर म्हणावे.

सडेफिरस्ता

शिवारवाट ताई, वर्णन उत्तम केले आहे, विशेषतः कण्याचे निरीक्षण. मी उभयचर आणि सरीसृपांच्या अभ्यासात आहे, म्हणून प्रथम एक काळजी घ्यायला सुचवतो. आपण आंबोलीच्या जातीचा उल्लेख केला म्हणून वाचणारे आपल्याकडे सापडलेला प्राणी तीच जात असे धरून चालतील. तसे धरू नये. देवगांडुळांची जात रंगावरून ठरत नाही. अंगावरच्या मुख्य वळ्या किती, त्यांच्या मधल्या दुय्यम वळ्या कोठून सुरू होतात आणि किती आहेत, दातांची रचना कशी आहे, डोळा हाडाखाली झाकलेला आहे की खाचेत उघडा, हे सर्व भिंगाखाली मोजावे लागते. छायाचित्रावरून फार तर वंश सांगता येतो. अंगावर पिवळा पट्टा नसलेली, हातभर लांब आणि जाड अशी इक्थिओफिस बॉम्बेएन्सिस ही जातही आपल्या घाटात आहे. आपल्याला सापडलेले वीतभराचे होते, डोळेही पुसट होते, त्यामुळे ते बहुधा दुसऱ्या, लहान गटातले असावे. याहून पुढे मी जाणार नाही.

ओळखीसाठी मात्र भिंग लागत नाही. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना, टाचणीच्या टोकाएवढा एक उंचवटा असतो. ती स्पर्शिका. अंधाऱ्या मातीत वास आणि स्पर्श ओळखण्यासाठी देवगांडूळ ती बाहेर काढते आणि आत घेते. दुसऱ्या कोणत्याही पृष्ठवंशीय प्राण्याला असा अवयव नाही. ती दिसली की शंका उरत नाही.

ज्याच्याशी गल्लत होते ते तिघे असे. गांडुळाला जबडा नाही, आणि पूर्ण वाढलेल्या गांडुळाच्या अंगावर एके ठिकाणी फिकट रंगाचा जाड पट्टा असतो. वाळा हा खराखुरा साप आहे, बिनविषारी. त्याचे अंग कोरडे आणि चकचकीत असते, वळ्यांऐवजी बारीक खवले असतात आणि शेपटीला इवलासा काटा असतो. तिसरा खापरखवल्या. तोही बिनविषारी साप, मातीत राहणारा, गांडुळे खाणारा आणि पिल्ले घालणारा. त्याची शेपूट तिरपी छाटल्यासारखी असते आणि तिच्यावर खरबरीत खवल्यांची ढाल असते. त्या ढालीला माती चिकटून बिळाच्या तोंडाला बूच बसते. या सापांच्या कुळातील मेलॅनोफिडियम खैरेई ही काळी, झळाळती जात २०१६ मध्ये नोंदली गेली आणि तिला सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांचे नाव मिळाले. म्हणजे एकाच खोऱ्याखाली चार वेगळे जीव येतात आणि चौघांनाही एकच शिक्षा होते.

मिठाबद्दल कळंबाकाठ यांनी लिहिले ते वाचून वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. हा प्राणी कातडीवाटेही श्वास घेतो आणि ती सतत ओली राहावी लागते. मीठ त्याच्या अंगातले पाणी ओढून घेते. हाताला साबण, तंबाखू किंवा औषधाचा अंश असेल तरीही त्याला इजा होते. उचलावेच लागले तर हात साध्या पाण्याने ओले करावेत, किंवा त्याहून बरे म्हणजे ओल्या पानावर घ्यावे.

बुधवारपेठकर

एक साधा प्रश्न. हा प्राणी चावतो का, आणि चावल्यास विष आहे का? गावाकडे पहिला प्रश्न हाच विचारला जाईल.

सडेफिरस्ता

माणसाला त्याचा धोका नाही. दात आहेत ते गांडुळे, वाळवी आणि अळ्या धरण्यासाठी. ब्राझीलमधील बुटांटान संस्थेच्या संशोधकांना २०२० मध्ये तेथील एका देवगांडुळाच्या दातांच्या मुळाशी विषासारखे विकर (एन्झाइम) स्रवणाऱ्या ग्रंथी आढळल्या, त्यामुळे शास्त्रज्ञांत बरीच चर्चा झाली. पण तो शोध भक्ष्याच्या संदर्भातला आहे आणि त्या जातीपुरता आहे. कातडीतून चिकट स्राव येतो, म्हणून हाताळल्यावर डोळे चोळू नयेत, एवढे पथ्य पुरे.

घनसाळ

मी आजरा तालुक्यातला शेतकरी आहे. चर्चा चांगली चालली आहे, पण थोडी शेताच्या बाजूनेही व्हावी म्हणून लिहितो. राग मानू नये.

आमच्याकडे हा प्राणी मी लहानपणी पुष्कळ पाहिला. तरव्याची, म्हणजे भाताचे रोप टाकायची, जागा भाजून झाल्यावर पहिल्या पावसात बांधाच्या कडेला, दगडाखाली, केळीच्या बुडाशी असायचा. गेल्या दहा वर्षांत क्वचितच दिसला. त्याचे खापर खोऱ्यावर फोडून चालणार नाही. खोरे माझ्या आज्याच्या हातातही होते. बदलले ते वेगळे. बैलाचा नांगर माती उलटतो, रोटाव्हेटर ती दळतो. वीतभर खोलीपर्यंत जे काही असेल त्याची चटणी होते. ऊस आणि आले यांच्या सरीत वर्षानुवर्षे फोरेटचे दाणे पडले. त्यावर २०२० अखेर बंदी आली, पण त्याआधी मातीत काय काय मेले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. तिसरी गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. दावणीला जनावरे राहिली नाहीत. पूर्वी वाडीत प्रत्येक घराला उकिरडा होता, आता चार घरांत एक आहे. शिवारवाट ताईंच्या भावाने देवगांडूळ मारले हे खरे, पण त्यांनी उकिरडा ठेवला म्हणून ते तेथे आले, हेही खरे आहे. पोत्यातले खत वापरणाऱ्याच्या हातून एकही देवगांडूळ मरत नाही, कारण त्याच्याकडे ते नसतेच.

आता मुख्य मुद्दा. आपल्या शेतात दुर्मीळ प्राणी सापडला असे चारचौघांत सांगायला आमचा माणूस कचरतो, आणि त्याला कारण आहे. पश्चिम घाटाबद्दलचा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा, आणि २०१४ पासून पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना निघतच आहेत. ३१ जुलै २०२४ ची सहावी. प्रत्येक वेळी गावांची यादी येते, हरकती मागवतात, आणि गावात एकच बातमी फिरते की आता घरावर कौल बदलायलाही परवानगी लागणार. ती बातमी बहुतांशी खोटी असते, पण खरे काय ते समजावून सांगायला गावात कोणी येत नाही. अशा वातावरणात "दुर्मीळ" हा शब्द ऐकला की शेतकऱ्याला सातबारा आठवतो. म्हणून मला दोनच गोष्टी हव्या आहेत. ज्याला पैसा लागत नाही असे काय करायचे ते सांगा, आणि त्यामुळे जमिनीवर कोणतेही बंधन येणार नाही याची खात्री द्या.

शिवारवाट

घनसाळ दादा, राग कशाचा? उकिरड्याबद्दल तुम्ही लिहिले ते मला सुचलेच नव्हते, आणि ते वाचल्यापासून मी भावाकडे वेगळ्या नजरेने पाहते आहे.

दुसऱ्या मागणीबद्दल मला ठाऊक आहे ते लिहिते. २०२०-२१ मध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रे झाली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६ अ प्रमाणे असे क्षेत्र सरकारी मालकीच्या जमिनीवर घोषित होते; खाजगी शेत त्यात येत नाही. दाजीपूरचे गवा अभयारण्य १९५८ चे, महाराष्ट्रातले पहिले; ते पुढे वाढून राधानगरी अभयारण्य झाले, त्याच्या सीमाही ठरलेल्या आहेत. म्हणजे उकिरड्यात देवगांडूळ निघाले म्हणून तेथे अभयारण्याचा फलक लागत नाही. पण याच गोष्टीची दुसरी बाजू अशी, की ही सगळी क्षेत्रे मिळूनही तुमच्या बांधातल्या प्राण्याला त्यांचा काहीच आधार नाही. तो कायद्याच्या नकाशाबाहेर, तुमच्या भरवशावर जगतो.

हिरण्यकेशीचे उदाहरण तर तुमच्या उशाशीच आहे. आंबोलीच्या देवस्थानाजवळच्या उगमात २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी हा बोटाएवढा मासा नव्याने नोंदला गेला. दुसऱ्या वर्षी शासनाने ती जागा जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. क्षेत्र किती? २.११ हेक्टर. तीच नदी पुढे आजरा आणि गडहिंग्लजच्या शेतीला पाणी देते आणि तो मासा जाहीर झाला म्हणून खालच्या कोणाचा पंप बंद पडलेला नाही.

सडेफिरस्ता

पहिल्या मागणीचे उत्तर मी देतो. पैसा लागत नाही, थोडी सवय बदलावी लागते.

उकिरडा उपसताना वरचा भाग खोऱ्याने काढावा, पण तळाचा शेवटचा हातभर थर दाताळ्याने ओढावा. दाताळ्याच्या दातांमधून प्राणी निसटतो, खोऱ्याच्या पात्यातून निसटत नाही. शक्य असेल तर तळाचा वीतभर थर एका कोपऱ्यात तसाच राहू द्यावा; पाऊस स्थिरावला आणि बाहेरची माती ओली झाली की प्राणी आपोआप बांधाकडे सरकतो. घनसाळ दादांनी सांगितलेले रोटाव्हेटरचे दुखणे खरे आहे, पण रोटाव्हेटर बांधावर चढत नाही. म्हणून बांधाची आणि ओघळीची कड, दोन हात रुंदीची का असेना, पाल्यापाचोळ्यासह न जाळता ठेवली तर मोठे काम होईल.

ओघळीवर माझा विशेष भर आहे. इक्थिओफिस गटातील मादी पाण्याच्या काठाला ओल्या मातीत अंडी घालते आणि ती फुटेपर्यंत त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसून राहते. पिल्ले पाण्यात उतरतात, तेथे वाढतात आणि मग जमिनीत जातात. गेगेनिओफिस आणि इंडोटिफ्लस या गटांत पाण्यातली अवस्था गळून गेली आहे. त्यांच्या अनेक जातींत अंड्यातून थेट आईसारखेच छोटे देवगांडूळ बाहेर पडते. तेव्हा एका गटाला ओघळ लागते, दुसऱ्याला केवळ ओल. फवारणीचा पंप ओघळीत धुतला तर दोघांचेही मरण ओढवते.

माहितीबद्दल इतकेच सांगतो की धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत देवगांडुळांच्या अनेक जातींपुढे "माहिती अपुरी" असा शेरा आहे. हा शेरा वाचून प्राणी सुखरूप असल्याचा समज होतो. खरे तर तो आपण शोधलेच नाही याची कबुली आहे. ईशान्य भारतात सत्यभामा दास बिजू आणि सहकाऱ्यांनी पावसाळ्यामागून पावसाळे माती खणून काढली, तेव्हा २०१२ मध्ये देवगांडुळांचे एक संपूर्ण नवे कुळ हाती लागले. त्याचे चिकिलिडी हे नाव गारो भाषेतल्या शब्दावरून आहे. शिवारवाट ताईंच्या प्रश्नाला हे उत्तर जवळचे वाटते: तेथील लोकांकडे त्या प्राण्यासाठी स्वतःचा शब्द होता.

घाटरस्ता

उकिरड्यावरून रस्त्यावर येतो. कामानिमित्त माझा गगनबावड्याहून कोल्हापूरला परतण्याचा प्रवास पावसाळ्यातही रात्रीच होतो. मृगाच्या पहिल्या आठवड्यात, मुसळधार पडून उघडीप मिळाली की रस्ता जिवंत होतो. बेडूक तर असतातच, पण दिव्याच्या उजेडात डांबरावर काळपट दोऱ्या सरकताना दिसतात. पूर्वी मला त्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे वाटत. एकदा थांबून पाहिले तेव्हा कळले की तो खापरखवल्या होता. पोटाकडे पिवळा, शेपटीच्या ढालीवर मातीची टोपी घेतलेला. मी छत्रीच्या टोकाने त्याला कडेला सारेपर्यंत मागून मोटार आली आणि तिच्या चालकाने मला जे ऐकवले ते येथे लिहिण्याजोगे नाही.

मोजदाद मी सुरू केली होती, पण चिरडलेल्या बेडकाची आणि देवगांडुळाची ओळख दुसऱ्या दिवशी सकाळी पटत नाही, म्हणून सोडली. रुंद झालेल्या रस्त्याच्या दोन्ही कडांना सरळ उभ्या काँक्रीटच्या गटारी आल्या आहेत. पाय नसलेला प्राणी त्यात पडला की बाहेर येत नाही. ठरावीक अंतरावर गटारीला उतार दिला किंवा दगड रचून ठेवला तर काम भागेल. रस्ता करणाऱ्या एका अभियंत्यापुढे मी हे मांडले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "गांडुळांसाठी?"

नोंदवही

या धाग्यावर नावाचा प्रश्न आला म्हणून लिहितो. मी आमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. अशी समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असते हे बहुतेकांना माहीत नसते, आणि खरे सांगायचे तर आम्हा सदस्यांपैकी काही जणांनाही नव्हते.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार या समितीने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. गावातली पिके, झाडे, औषधी, मासे, पक्षी, कीटक, त्यांची स्थानिक नावे आणि लोकांना असलेले ज्ञान तिच्यात लिहायचे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि ती चुकल्यास राज्याला महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. मग काय घडले असेल ते सांगायला नको. आमच्याकडे एका संस्थेची दोन मुले आली, चावडीत तासभर बसली, चहा घेतला आणि महिन्याभराने छापील नोंदवही आली. आमच्या डोंगरातल्या गावाच्या नोंदवहीत माळढोक होता. उभयचरांच्या पानावर एक शब्द होता: बेडूक.

पण नोंदवही ही एकदा छापून कपाटात ठेवायची वस्तू नाही, तिच्यात भर घालता येते आणि घालायची असते. ठराव करून समितीच ती भर घालू शकते, त्यासाठी बाहेरच्या कोणाची परवानगी लागत नाही. तिच्यात "स्थानिक नाव" असा रकाना असतो. शिवारवाट ताई, तुमच्या भावाने आपल्या ग्रामपंचायतीत एक अर्ज द्यावा. घनसाळ दादांची शंका लक्षात घेऊन सांगतो, त्या नोंदीत गट क्रमांक लिहिण्याची गरज नाही. कोणत्या महिन्यात, कशा जागी आणि कोणाला दिसले, एवढे पुरते.

कळंबाकाठ

एक आक्षेप नोंदवतो. नाव पसरले की लोभही पसरतो. मांडुळाला दुतोंड्या म्हणून गुप्तधनाशी कोणी जोडले, आणि आज त्या गरीब सापाची लाखांच्या आकड्यांत तस्करी होते. पोलिसांनी मांडूळ पकडल्याच्या बातम्या आपल्याच जिल्ह्यातून येत असतात. देवगांडुळाचीही दोन्ही टोके सारखीच दिसतात. त्यात नावात "देव". उद्या कोणी याला देवघरात ठेवायला निघाला तर?

नोंदवही

आक्षेप रास्त आहे. म्हणूनच जागा सांगू नये, प्राणी सांगावा. भीती अज्ञानातून येते तसा लोभही अज्ञानातूनच येतो. मांडुळाबद्दल गावाला खरी माहिती आधी मिळाली असती, तर गुप्तधनाची गोष्ट इतकी रुजली नसती, असे मला वाटते.

सडेफिरस्ता

यात तांत्रिक भर घालतो. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर नोंद टाकल्यास ती अभ्यासकांपर्यंत पोचते. आयनॅचरलिस्टवर नेमके ठिकाण झाकण्याची सोय आहे, ती वापरावी. छायाचित्रे तीन हवीत: डोक्याचे बाजूने, शेपटीच्या टोकाचे, आणि पूर्ण शरीराचे. शेजारी मापासाठी नाणे किंवा काडेपेटी ठेवावी, नाहीतर वीतभराचे आणि हातभराचे एकसारखेच दिसते. मेलेले सापडले तर फेकू नये, पण स्वतः बरणीतही भरू नये. जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला किंवा वन खात्याला कळवावे.

घनसाळ

दाताळ्याची गोष्ट पटली. गेल्या रविवारी करून पाहिली. वेळ जास्त लागतो, पण उकिरड्यातल्या गांडुळांचेही तुकडे होत नाहीत, आणि ती तर मला हवीच असतात. देवगांडूळ निघाले नाही. बांधाची कड या वर्षी जाळणार नाही. आमच्या समितीत विचारले, तर नोंदवही कुलपात आहे आणि किल्ली असलेले गृहस्थ पुण्याला लेकाकडे गेले आहेत. ते आले की बघतो.

शिवारवाट

सर्वांचे आभार मानण्याआधी एक बातमी देते. रोप लावणीच्या धांदलीत भावाचा काल रात्री फोन आला. चिखलणीआधी बांध नीट करताना, ओघळीच्या बाजूच्या दगडाखाली, आणखी एक निघाले. या वेळी हातात खोरे होते, पण खाली आले नाही. मावशींनी त्यावर ओला पेंढा टाकला आणि भावाला बजावले, "देवाचं हाय म्हणं तुझी भन, ऱ्हाऊ दे." म्हणजे नाव पोचले, थोडे आखूड होऊन. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतल्या रकान्यात "देवगांडूळ" लिहायचे की "देवाचं", यावर आता आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

भावाने पाठवलेले छायाचित्र खाली जोडते आहे. पावसात काढल्यामुळे थोडे धूसर आहे. त्याचा प्रश्न जसाच्या तसा: "ह्याचं त्वांड कुठल्या अंगाला?"

सडेफिरस्ता

डावीकडचे टोक तोंडाचे आहे. छायाचित्र मोठे करून पाहिल्यास नाकपुडीच्या मागे स्पर्शिकेचा ठिपका दिसतो. नोंदवहीत दोन्ही नावे लिहावीत, रकान्यात जागा असते. आणि भावाला सांगावे की पुढच्या वेळी शेजारी काडेपेटी ठेवायला विसरू नये.